तळ्याच्या पूर्व काठाचा नकाशा

भिलाई, सेक्टर ६
१० नोव्हेंबर १९६३

प्रिय ताईस,
देवरावचा जय भीम.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर नाही म्हणून तू रागावली असशील. पण मोठ्या माणसांना वेळ कुठे असतो? आणि तुझा भाऊ गेल्या पंधरा दिवसांपासून मोठा माणूस झाला आहे. घरात कुणी मानत नाही, ही गोष्ट वेगळी.

झालं असं. वीटभट्ट्यांचं तळं तुला आठवत असेल. कारखान्याच्या बांधकामाला विटा लागत होत्या तेव्हा तिथं माती खोदून खोदून मोठाले खड्डे पडले. दोन-तीन पावसाळ्यांत ते भरून एक झाले आणि चांगलं आठ-दहा एकरांचं तळं तयार झालं. एकसष्टला भट्ट्या बंद पडल्या. तेव्हापासून तिथं एक उभी चिमणी, राखेचे ढीग, फुटक्या विटा आणि डास एवढंच उरलं आहे. गेल्या सुट्टीत तुझी कांता इथून हिवताप घेऊन गेली तो त्याच तळ्याचा प्रसाद. आता आमच्या ऑफिसातल्या अरुणकुमार साहेबांनी आणि दुर्गच्या काही बड्या मंडळींनी मिळून सरोवर समिती काढली आहे. तळ्याला तळं म्हणायचं नाही, सरोवर म्हणायचं. काठाकाठानं फिरायला रस्ता, बाकं, दिवे, गुलाबाचे वाफे, पाण्यात नावा. चिमणी पाडणार नाहीत, तिच्यावर दिव्यांच्या माळा सोडणार. आणि या सगळ्याचा नकाशा काढतो आहे तुझा भाऊ.

ऑफिसात आम्ही तीन ड्राफ्ट्समन. एक रजेवर, दुसऱ्याचा चष्मा फुटलेला, उरलो मी. हे प्रेमलाला सांगितलेलं नाही. तिला सांगितलं की साहेबांनी माझी निवड केली. तेव्हापासून मी कानाला पेन्सिल लावूनच जेवायला बसतो. नकाशाच्या कोपऱ्यात शोभेसाठी एक चित्र काढायचं होतं, त्यात नाव वल्हवणारा माणूस मी चार वेळा खोडला. पाचव्यांदा तो म्हशीवर बसल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा त्याच्यावर एक मोठं झाड काढून टाकलं. साहेबांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "बहुत बढ़िया, देवराव जी." जी म्हणाले, ताई! घरी येऊन हे सांगितलं तर प्रेमला म्हणते, "मंग त्या जीले म्हना, मोरीचा नळ गळून राह्यला, वॉशर बदलून द्या."

एप्रिलमध्ये हेड ड्राफ्ट्समनची जागा रिकामी होते आहे. हे काम नीट पार पडलं तर बघू, असं साहेब म्हणाले. मी अजून कुणाला बोललो नाही. फक्त तुला, प्रेमलाला, शेजारच्या राधाबाईंना आणि दूधवाल्याला सांगितलं आहे.

कवडूमामा मजेत आहे. इकडे थंडी सुरू झाली आहे.

तुझा,
देवराव


भंडारा
२१ नोव्हेंबर १९६३

प्रिय देवराव,
जय भीम.

मोठ्या माणसाचं पत्र पोचलं. शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्या मास्तरणींना वाचून दाखवलं. नावाड्याची सगळ्यांना दया आली.

काम चांगलं आहे, थट्टा सोडून सांगते. आमच्या भंडाऱ्याकडे तलाव म्हणशील तेवढे आहेत, पण बाईमाणसानं संध्याकाळी नुसतं बसावं अशी एक पायरी कुठं नाही. डास गेले, दिवे लागले, पोरं खेळली तर कुणाला वाईट वाटेल? कांतानं थंडी वाजून येताना माझ्या सगळ्या लुगड्यांच्या घड्या मोडल्या होत्या. त्या तळ्याचं काही भलं होत असेल तर होऊ दे.

पण तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात मामाला एक ओळ आहे, आणि तिच्या शेजारी लगेच थंडी आली. मामाची झोपडी पूर्व काठावर आहे ना? भीमाबाईची, नत्थूच्या भावाची, आणखी पंधरा-वीस घरं? भट्ट्या बंद पडल्या तरी ती माणसं तिथंच राहिली, कुणी रेल्वेत लागलं, कुणी ठेकेदाराकडे रोजीनं जातं. तुझ्या नकाशात पूर्व काठाला काय आहे? त्याला रंग कोणता दिलास? ज्या झोपडीत दोन वर्षं राहून, मामाच्या हातचं खाऊन तू ड्राफ्ट्समनचा कोर्स केलास, तिच्याबद्दल विचारते आहे. पत्ता तुला माहीत असेल.

मामा छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि महिन्याभरात भिलाईला माती खोदायला गेला. दोन वर्षांनी परत आला तेव्हा आपली माय त्याला विचारत होती, तिथं खायला काय मिळतं. तो म्हणाला, "खायाचं सोड बाई. म्या खोदलेल्या तलावातलं पानी म्या कवाबी भरतो. कोनाले इचारा नाई लागत." तू तेव्हा बाजेवर झोपला होतास, म्हणून लिहिते. या दोघांचा अर्धा जन्म गावच्या विहिरीपाशी घागर खाली ठेवून, वरून कुणी ओतेल का म्हणून वाट पाहण्यात गेला आहे.

उत्तर लवकर दे. त्यात थंडीचं काही नको.

तुझी,
ताई


भिलाई, सेक्टर ६
८ डिसेंबर १९६३

प्रिय ताई,
जय भीम.

तुझं पत्र मी प्रेमलापासून लपवून ठेवलं. तिनं ते शोधून वाचलं. म्हणून आता दोघींना मिळून उत्तर देतो आहे.

पूर्व काठाचा रंग गुलाबी आहे. तिथं गुलाबाचे वाफे आहेत.

रागावण्याआधी ऐक. नकाशात पक्की बांधकामं दाखवतात, कच्ची दाखवत नाहीत. नियम मी केलेला नाही. पण निदान टिपणात लिहायचं असतं की इथं अमुक झोपड्या आहेत, आणि ते लिहायला तिथं जावं लागतं. मोजणीला मी आणि साखळी धरणारा तेजराम असे दोघं गेलो. पश्चिम काठ मोजला, दक्षिण मोजला, उत्तर मोजला. पूर्वेला चिखल होता आणि माझे बूट नवे होते. म्हणून तेवढा काठ मी जुन्या नकाशावरून उतरवून घेतला. जुना नकाशा पंचावन्नचा. पंचावन्नला तिथं तळंच नव्हतं, तर काठावर माणसं कुठून असणार? त्यात 'पडीक जमीन' लिहिलं होतं. मी ते जास्त सुंदर अक्षरात लिहिलं, आणि त्या अक्षराचं साहेबांनी कौतुक केलं.

पण मी तोडगा काढला आहे. बाग झाली की तिला माळी लागतील. मामाला माळी म्हणून लावून घ्यायचं. राहायला दुसरीकडे, काम तिथंच. हे सांगायला मी तीन आठवड्यांपूर्वी रविवारी त्याच्याकडे गेलो.

"कसा आला रे भाच्या?"

"सहज."

"सहज त तू येत नाईस. बस. झिंग्याचं कालवण हाये."

मी बसलो, दोनदा भात घेतला आणि परत आलो. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. त्या दिवशी भीमाबाईनं अंबाडीची भाजी आणून दिली होती. तिसऱ्या रविवारी मी दारातच सांगणार होतो, पण मामानं हातावर पाणी घातलं आणि पाट पुढं केला. अशा वेळी माणसाला बेघर करणं बरं दिसत नाही. माझं वजन वाढलं आहे.

येत्या आठवड्यात तेजराम पूर्व काठावर चुन्याची रेघ मारणार. त्याआधी सांगतोच. बाकी नकाशा सगळ्यांना आवडला. म्हशी आत येऊ नयेत म्हणून चहूबाजूंनी चार फूट उंच लोखंडी रेलिंग आहे, ते माझं डिझाइन. प्रत्येक गजाला भाल्यासारखं टोक दिलं आहे. एक मोठं फाटक आणि शेजारी तिकिटाची खिडकी. साहेब त्यावर फार खूष आहेत.

तुझा,
देवराव


भंडारा
१६ डिसेंबर १९६३

देवराव,

तुझ्या पत्रातली झोपडीची गोष्ट वाचून मला राग आला होता. शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि तो राग विसरले.

झोपडी गेली तर दुसरी बांधता येते. मामानं जन्मात पाच बांधल्या. पण तळ्याला चहूबाजूंनी कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाला तिकीट, आणि ते काढलं कुणी? आपल्या घरातल्या पोरानं. छत्तीस वर्षांपूर्वी महाडला आपली माणसं एका तळ्यापर्यंत चालत गेली ती काय नावेत बसायला? मी चौथीच्या वर्गाला ही गोष्ट दर वर्षी सांगते. यंदा सांगताना माझ्या डोळ्यासमोर तुझी भाल्याची टोकं येतील. लाज वाटते का? मला वाटली.

बाग नको असं मी म्हणत नाही, हे नीट वाच. पोरीचा हिवताप मी काढला आहे. राख उचला, डास मारा, दिवे लावा, गुलाब लावा. चांगल्या गोष्टी सगळ्यांनाच हव्या असतात, मामालाही. पण ज्यानं खोदलं त्याला पाण्यापर्यंत जायला वाट नाही, अशी बाग मी पाहायला येणार नाही.

आणि चिखल आणि बूट मी मानत नाही. लहानपणी कढोलीच्या नाल्यातून म्हशीची शेपटी धरून पलीकडे जाणारा तू. खरं कारण लिही.

मामाला सांग. जेवायच्या आधी सांग.

ताई


(पोस्टकार्ड)

दुर्ग
४ जानेवारी १९६४

सत्यशीला पोरी,
कवडूचा जय भीम. हे कारड नत्थू गँगमन लिहून राह्यला, म्या सांगून राह्यलो.

देवराव दर इतवारी येते, जेवते, तलावाकडे पायते अन् चालला जाते. पोराच्या पोटात काई तरी हाये, सांगत नाई. मले सारं मालूम हाये. तेजरामनं चुना मारला, रेघ माया चुलीवरून गेली. त्याले इचारलं, त म्हने बगीचा होनार, नकाशा देवराव बाबूनं काढला. म्या तेजरामले सांगितलं नाई का हा माया भाचा होय. ऑफिसात पोराले खालीपना येईन. तू त्याले रागवू नको. नौकरीवाल्या मानसाले बोलता येत नाई.

आमी रसमड्याकडे जागा पाहून राह्यलो. घराचं काई नाई, चूल कोठंबी मांडता येते. पान्याचं कठीन हाये. तिकडे विहीर दुसऱ्याच्या वावरात हाये, अन् तो मानूस आमाले जात इचारून राह्यला होता. भीमाबाई म्हन्ते, पुन्हा तेच कावून सुरू करा? पाहू.

मले मालूम हाये हे देवरावले सांगू नको. त्याले वाईट वाटन. कांताले पापा.

कवडू


भंडारा
९ जानेवारी १९६४

प्रिय देवराव,

सोबत मामाचं कार्ड आहे. तुला सांगू नको असं त्यानं बजावलं आहे, म्हणून मी काही सांगत नाही. नुसतं कार्ड पाठवते.

ताई


भिलाई, सेक्टर ६
२ फेब्रुवारी १९६४

प्रिय ताई,
जय भीम.

कार्ड वाचलं. मग ते प्रेमलानं वाचलं. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद ठेवलं आणि ते बरोबरच होतं, कारण मलाही स्वतःशी बोलावंसं वाटत नव्हतं.

आधी खरं कारण. पूर्व काठावर मी गेलो नाही, कारण तेजराम माझ्यासोबत होता. मामा झोपडीच्या दारातून 'ए भाच्या' म्हणून ओरडला असता. तेजरामनं ते ऑफिसात सांगितलं असतं. ऑफिसात मी नागपूरकडचा देवराव जी आहे. कुणी आडनावावरून, गावावरून विचारायला लागलं की मी हवापाण्यावर घसरतो. माझा मामा माती खोदायचा, विटा पाडायचा, हे तिथं कुणाला ठाऊक नाही. आणि तो मामा, ताई, मला खालीपणा येईल म्हणून तेजरामपुढे गप्प बसला. मी त्याला लपवत होतो आणि तो मला लपवू देत होता. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं आहे. यावर काही विनोद सुचत नाही.

गेल्या रविवारी गेलो. "झिंगे हायेत," मामा म्हणाला. मी म्हणालो, आधी हे बघ, आणि बाजेवर नकाशा पसरला. भीमाबाई आली, आजूबाजूची सगळी जमली. मामाला वाचता येत नाही, पण चिमणी त्यानं लगेच ओळखली. तिच्यावरून बोट फिरवत पूर्वेला आला.

"म्या कोठं हावो?"

"इथं."

"हे त फूल होय."

कुणी हसलं नाही. भीमाबाईनं विचारलं, "मंग म्या पानी कोठून भरू? या फुलाइले इचारून?" मी रेलिंग दाखवलं. तिनं त्या टोकांना हात लावून पाहिला, कागदावरच. मामानं नकाशाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "बगीचा चांगला होईन. होऊ दे. पोट्टे खेळतीन. घर नाई मागत तुले. पान्यापावतर जायाले एक वाट ठेव, बस. अन् तिले दरवाजा नोको."

मी रात्रंदिवस बसून वगैरे नवा नकाशा काढला असं लिहिलं असतं, पण ते काम अर्ध्या तासाचं होतं. रेलिंगमध्ये बारा फुटांची मोकळी जागा, तिच्यातून पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. तो घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, नकाशा मंजूर झालेला आहे. तो आता एकाच कारणानं बदलता येतो, मोजणीत चूक झाली म्हणून. तशी लेखी कबुली द्यावी लागेल, सहीनिशी. ती माझ्या फाइलला लागेल आणि एप्रिलच्या जागेला समिती विचारेल तेव्हा ती दिसेल. "सोच लीजिए, देवराव जी."

तर मी सोच घेतो आहे. कोरा फॉर्म चार दिवसांपासून टेबलावर आहे. त्यात एक रकाना असा आहे की ही माहिती तुम्हाला कशी मिळाली. मी रोज ऑफिसात जातो, फॉर्म समोर ठेवतो आणि पेन्सिलींना टोक करतो. फॉर्म शाईनं भरायचा आहे हे मला माहीत आहे. सगळ्या पेन्सिली आता करंगळीएवढ्या उरल्या आहेत.

काय करू?

तुझा,
देवराव


भंडारा
७ फेब्रुवारी १९६४

प्रिय देवराव,
जय भीम.

या वेळी मी काही सांगणार नाही. तू तीस वर्षांचा झालास.

ताई

ता. क. पार्सलनं अर्धा डझन पेन्सिली पाठवते आहे.


भिलाई, सेक्टर ६
२१ एप्रिल १९६४

प्रिय ताई,
जय भीम.

पेन्सिली पोचल्या होत्या. अडीच महिने पत्र नाही म्हणून तू दोन कार्डं पाठवलीस, ती पण पोचली. सांगण्यासारखं काही पुरं झालं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

फॉर्म तुझ्या पेन्सिली आल्या त्याच दिवशी भरला. 'पूर्व काठाची मोजणी मी प्रत्यक्ष केली नाही. तिथं एकोणीस घरं असून त्यांचा पाण्याचा वापर याच तळ्यावर आहे.' खाली सही. सही माझ्या सहीसारखी दिसत नाही म्हणून पुन्हा करायला लावली. आणि माहिती कशी मिळाली या रकान्यात मी काय लिहिलं असेल? 'चौकशीअंती.' ताई, तिथंही मी एक पळवाट ठेवली.

हेड ड्राफ्ट्समनची जागा फुटक्या चष्म्यावाल्याला मिळाली. त्यानं नवा चष्मा केला आहे. दूधवाला अजून रोज विचारतो, साहेब बनले का म्हणून.

घाट झाला. बारा फूट, नऊ पायऱ्या, दरवाजा नाही. दुर्गच्या मंडळींना तो पसंत नव्हता, पण साहेबांनी लावून धरलं. घरं मात्र गेली. समितीनं नाल्यापलीकडे जागा दिली, तिथून घाटावर यायला दहा मिनिटं लागतात. मामा आणि तेरा घरं तिकडे गेली. पाच घरं कंटाळून रसमड्याकडेच निघून गेली, त्यांना घाटाचा काही उपयोग नाही. भीमाबाईचा भाजीचा वाफा गेला, मासे धरायला बंदी आली, आता झिंग्याचं कालवण विसरायचं. दुसऱ्या बाजूनं खरं सांगायचं तर डास निम्मेही उरले नाहीत. आणि उद्घाटनाच्या तीन आठवडे आधीच बाग लोकांना खुली झाली. प्रेमला, जी या बागेचं नाव काढलं की माझ्याकडे डोळे वटारायची, ती आता राधाबाईंना घेऊन रोज संध्याकाळी गवतावर अनवाणी चालून येते. नाल्यापलीकडची पोरं गुरुवारी फुकट असतं तेव्हा फाटकातून ऐटीत आत जातात. बाग चांगली झाली, ताई. मला ती आवडते आणि आवडते म्हणून थोडं चोरट्यासारखंही वाटतं.

कालपासून ऑफिसात दोघं-तिघं माझ्या टेबलाशी चहा प्यायला येत नाहीत. त्याचं कारण आता सांगतो.

परवा, रविवारी, उद्घाटन होतं. बँड होता, मांडव होता, दुर्गहून गाड्या भरून पाहुणे आले होते. फीत कापून झाल्यावर साहेब सगळ्यांना घेऊन काठानं फिरायला निघाले. नकाशाची गुंडाळी घेऊन मी त्यांच्या मागे, माझ्या मागे साहेबांची छत्री घेऊन तेजराम. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कुणी काही विचारलं तर सांगायला चार हिंदी वाक्यं पाठ केली होती.

पूर्व काठाला आलो तर घाटावर मामा. उघडाबंब, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून धोतर धुवत होता. रविवार त्याचा कपडे धुण्याचा वार, उद्घाटन आहे की काय आहे हे त्याच्या गावी नव्हतं. पाहुण्यांपैकी एक शेठ थबकले आणि म्हणाले, "अरे, ये आदमी अंदर कैसे घुस आया?" साहेबांनाही पाहुण्यांसमोर काहीतरी म्हणणं भाग होतं. ते म्हणाले, "कौन हो भाई? यहाँ किससे पूछकर आए?"

मामानं वर पाहिलं. साहेबांना पाहिलं, मग मला पाहिलं. माझ्या शर्टाकडे पाहिलं.

"गलती हो गई साहब. निकलता हूँ."

साहेबांनी सावरून घेण्यासाठी माझ्याकडे बोट केलं. "ये घाट इन्हीं ने बनवाया है. जानते हो इनको?"

"नई साहब," मामा म्हणाला. "ये बाबू को मैं नई पयचानता."

आणि ओलं धोतर गोळा करायला लागला. घाईनं. ज्या घाटाला दरवाजा नको म्हणून सांगितलं होतं, त्याच घाटावरून तो माझ्यासाठी निघून चालला होता. ताई, मी मामाला माझ्यासमोर खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पाठ केलेली चारही वाक्यं पळाली.

"मामा, कपडे खाली ठेव," मी मराठीतच ओरडलो. आवाज असा चिरका निघाला की बँडवाल्यानं वळून पाहिलं. मग साहेबांना हिंदीत सांगितलं, "साहब, ये मेरे मामा हैं. कवडू मेश्राम. ये तालाब इन्होंने खोदा है. मैं दो साल इनकी झोपड़ी में रहा हूँ और वो झोपड़ी मैंने नक़्शे में नहीं बताई." हे सगळं मी एका दमात बोललो आणि शेवटी उगाचच 'थैंक यू' म्हणालो.

मागून तेजराम हळूच म्हणाला, "हमको तो पहले दिन से मालूम था बाबूजी. नाक देखिए न दोनों की."

साहेब मामाकडे वळले. "नमस्ते," म्हणाले आणि पाहुण्यांना घेऊन पुढे गेले. शेठ ओल्या पायऱ्यांपासून जरा लांबून गेले. मी गेलो नाही. मांडवात माझ्यासाठी एक खुर्ची होती, तिच्यावर नंतर कोण बसलं कोण जाणे.

मामा माझ्यावर चिडला होता. "कावून सांगितलं रे? चांगलं निभून जाऊन राह्यलं होतं!" असं तो तीनदा म्हणाला. मग त्यानं पाण्याकडे तोंड केलं, धोतर पुन्हा बुडवलं, घासलं, वर काढलं. त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "धर. जोरानं पिळ." आम्ही दोघांनी दोन बाजूंनी पिळलं. माझा शर्ट सगळा भिजला. पलीकडे मांडवात पेढे वाटत होते.

तुझा,
देवराव